समुपदेशनाची खुर्ची

उदगीरमध्ये दुकानाबाहेर खुर्ची ठेवली की ती आपली राहत नाही, हे इथेच जन्म काढलेल्या माणसाला माहीत असायला हवे होते. मी तरीही ठेवली. जूनमधला मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. लाल रंगाची, प्लास्टिकची, दोन हातांची खुर्ची. नऊ वाजून पंधरा मिनिटांनी तिच्यात चंद्रप्पा बसले होते आणि माझाच पेपर वाचत होते.

खुर्ची पेशंटसाठी होती. माझे औषधांचे दुकान आहे, दहा बाय बारा, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आदल्या रविवारी मी लातूरला एका दिवसाच्या कार्यशाळेला जाऊन आलो होतो. विषय होता, जुनाट आजाराच्या रुग्णांना औषधे नीट घ्यायला कसे शिकवावे. तोपर्यंत माझे शिकवणे म्हणजे पट्टी कात्रीने कापायची, पाकिटावर रेघा मारायच्या आणि "सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर" एवढे म्हणायचे. कार्यशाळेतल्या मॅडमनी सांगितले की हे समुपदेशन नव्हे. रुग्णाला बसवा. त्याला बोलू द्या. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येईल असा प्रश्न विचारू नका. आणि तो जे बोलेल ते तुमच्या दोघांतच राहिले पाहिजे. हे शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले. संध्याकाळी प्रमाणपत्र मिळाले. त्यावर माझे नाव वैजनाथऐवजी बैजनाथ पडले होते, पण कागद जाड होता.

घरी आल्यावर मी हे सगळे उज्वलाला, म्हणजे बायकोला, सांगितले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने वह्या तपासता तपासता ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही आता लोकांचं ऐकून घेणार."

"हो."

"मग घरून सुरुवात करा. तीन दिवस झाले, नळाचं वायसर बदला म्हणून सांगून राहिले."

तर खुर्ची. चंद्रप्पा माझे शेजारी. वय एकाहत्तर. छत्तीस वर्षे मोंढ्यात एका अडत्याकडे माल पारखायच्या कामावर होते. पोत्यात लोखंडी नळी खुपसून काढलेले मूठभर दाणे तळहातावर पसरायचे आणि भाव सांगायचा, हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यापासून पारखायला माल राहिला नाही, म्हणून ते माणसे पारखतात. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि 'हो' म्हणायचे असेल तर दोन्हीकडे 'हौद'.

"अण्णा, ही खुर्ची पेशंटसाठी आहे," मी म्हणालो.

"हौद," ते म्हणाले. "मग मी कोण आहे?"

चंद्रप्पांना बारा वर्षांपासून बीपी आहे आणि गोळ्या ते माझ्याकडूनच नेतात. या प्रश्नाला कार्यशाळेत उत्तर दिलेले नव्हते. मी दुसरी खुर्ची आणली. तिच्यावर त्यांनी पेपर आणि चष्म्याचे घर ठेवले. तिसरी दुकानासमोर मावेना. शेवटी असे ठरले, म्हणजे त्यांनी ठरवले, की पेशंट आला की पेपर मांडीवर घ्यायचा. पेशंट दुसऱ्या खुर्चीत बसेल आणि चंद्रप्पा पहिलीत. गोपनीयतेचा प्रश्न मी काढला. ते म्हणाले, "मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं." पेशंटची खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला होती.

शिवाय ते उत्तरे देत. एकाने मला विचारले, ही गोळी जेवायच्या आधी की नंतर. मी बिल करत होतो.

"आधी," चंद्रप्पा म्हणाले.

"नंतर," मी म्हणालो.

"मग मध्ये घे," चंद्रप्पा म्हणाले, आणि माणूस समाधानाने निघून गेला. त्याला परत आणायला मला चौकापर्यंत पळावे लागले.

या खुर्चीत खऱ्या अर्थाने बसलेला पहिला पेशंट म्हणजे चांगुणाबाई. देगलूर रस्त्याला अकरा किलोमीटरवर त्यांचे गाव. वय अडुसष्ट. सोबत सून दिपाली. चांगुणाबाईंचा उजवा डोळा लहानपणी बाभळीच्या काट्याने गेलेला. डाव्यात मोतीबिंदू, तोही पिकत चाललेला. मे महिन्यात त्या डोळ्यांच्या मोफत शिबिराला गेल्या होत्या. तिथे बीपी मोजले तर वरचा आकडा एकशे ब्याण्णव. डॉक्टर म्हणाले, एवढ्या बीपीवर एकुलत्या एका डोळ्याला हात लावणार नाही, खाली आणा आणि या. पुढचे शिबिर जुलैत, त्यानंतरचे ऑगस्टच्या शेवटी. मग थेट दिवाळीनंतर, आणि तोवर मोतीबिंदू इतका घट्ट होईल की काढणे अवघड, असेही त्यांनी सांगितले होते.

"गोळ्या चालू हायत," चांगुणाबाई म्हणाल्या. "पर बीपी काय ऐकंना, दादा."

मी खुर्ची पुढे ओढली आणि शिकवल्याप्रमाणे विचारले, "गोळ्या घेताना तुम्हाला कोणकोणत्या अडचणी येतात?"

"कायबी न्हाई."

"तरी, काही तरी."

"पाणी लागतंय," त्या विचार करून म्हणाल्या. "ते असतंय घरात."

चंद्रप्पांनी पेपरचे पान उलटले.

मग मी पंधरा मिनिटे बोललो. रक्तदाब म्हणजे काय, नळी, दाब, मीठ, पापड, लोणचे. चांगुणाबाई प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होत्या. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण थोडा बाजूला, मागच्या ओआरएसच्या खोक्याकडे. मला वाटले, लक्ष देऊन ऐकत आहेत.

जाताना दिपाली एकटीच काउंटरला मागे राहिली. हळू आवाजात म्हणाली, "सर, एक सांगू का. कुणाला बोलू नका."

मी मान हलवली. अशा क्षणासाठीच तर सारे शिक्षण होते.

"आमचं घर बांधून झालंय. आत्या म्हणल्या हुत्या, भिताडाला निळा रंग द्या. त्यांची लई हौस. दुकानात गेले आन मला ते आमरसावाणी पिवळं आवडलं. ह्यांना फोन लावला पुण्याला, ते म्हणाले तुला पटंल ते कर. म्या लावला पिवळा. आत्याला सांगितलं निळा. म्हणलं, त्यांना कुठं दिसतंय." ती थांबली. "आता दिसाय लागलं की काय तोंड दाखवू."

"मग ऑपरेशन?"

"ऑपरेशन तर करायचंच हाय, सर. त्यासाठीच पळून राहिले. तोंडाचं नंतर बघू."

ती गेल्यावर चंद्रप्पा पेपरमागून म्हणाले, "पिवळा टिकत नाही. दोन पावसाळ्यात उडतो."

हे समुपदेशनाचे पहिले गुपित. ते गुपित म्हणून किती काळ राहिले, ते मी सेकंदांत सांगू शकतो. अकरा.

आता माझ्या अंगात काम शिरले होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे काढावीत, असे कार्यशाळेत सांगितले होते. मी रविवारी बसून दोनशे पाकिटांवर सूर्य आणि दोनशेंवर चंद्र काढले. सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे संध्याकाळची. जेवताना उज्वलाने एक सूर्य हातात घेऊन पाहिला. चौथीच्या चित्रकलेच्या वह्या तपासणाऱ्या बाईच्या नजरेने.

"याला मिशा का आहेत?"

"किरणं आहेत ती."

"कुणासाठी आहेत ही?"

"चांगुणाबाईंसाठी मुख्यतः."

उज्वलाने भाजी वाढली. मग म्हणाली, "ज्यांना दिसत नाही म्हणून ऑपरेशन करायचंय, त्या?"

मी पाकिटांचा गठ्ठा ताटापासून लांब सरकवला.

यानंतर फलकाचे प्रकरण झाले. शेजारच्या झेरॉक्सवाल्या सोमेशने सल्ला दिला की दोन खुर्च्यांना लोक बसस्टॉप समजतात, फ्लेक्स लावा. तो फ्लेक्स करूनही देतो, हे त्याने नंतर सांगितले. मी मजकूर दिला, 'औषध समुपदेशन केंद्र'. फ्लेक्स आला तेव्हा त्यात हात जोडलेला माझा फोटो दोन फूट होता, 'समुपदेशन केंद्र' एक फूट, आणि फोटोच्या कोपराखाली उरलेल्या जागेत 'औषध'.

तिसऱ्या दिवशी एक नवरा-बायको आले. भुजंग आणि सिंधू. ते दोन्ही खुर्च्यांत बसले. चंद्रप्पांना उठावे लागले, म्हणून त्यांचे लक्ष पहिल्यापासूनच या दोघांवर होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला, कोणकोणत्या अडचणी येतात. सिंधूने सांगायला सुरुवात केली. सासूपासून सुरू झाले ते दिराच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचले, तेव्हा माझ्या लक्षात आले की नवरा-बायकोची भांडणे मिटवतात तेही समुपदेशनच, आणि तालुक्यात आजवर लोकांना तेवढेच माहीत होते. पण ऐकून घ्यायचे, मध्ये तोडायचे नाही, हे मी शिकलो होतो. चाळीस मिनिटे गेली. काउंटरवर सात गिऱ्हाइके साचली आणि त्यांनी दोन पक्ष पाडले.

"आठ दिस झाले, बोलंनात माझ्याशी," सिंधू म्हणाली.

"ही बोलू देती का," भुजंग म्हणाला. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि हे त्याचे त्या दिवशीचे पहिले वाक्य होते.

निकाल चंद्रप्पांनी दिला. तो काय होता ते मला कळले नाही, कारण मी तोवर खोकल्याचे औषध काढत होतो. पण दोघे एकाच मोटारसायकलवर परत गेले, आणि पुढच्या मंगळवारी आणखी एक जोडपे पाठवून दिले.

फ्लेक्समुळे एका कार्यालयातूनही माणूस आला. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, तिथे माझे दुसरे काम अजून अडकले आहे. तो सभ्य होता. म्हणाला, केंद्र म्हटले की नोंद हवी, आणि एक अर्ज दिला. त्यात सहावा रकाना खाटांच्या संख्येचा होता. मी 'शून्य' लिहिले. अर्ज परत आला, शून्य खाटांचे केंद्र संगणक घेत नाही. मी फोन करून सांगितले की खाटा नाहीत, खुर्च्या आहेत. "मग किती खुर्च्या?" "दोन. पण एक कायम भरलेली असते." पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग सांगितले की एक खाट लिहा, मात्र एका खाटेमागे आग विझवण्याचे एक नळकांडे लागते, त्याचा दाखला जोडा. त्याच दुपारी मी फ्लेक्स उतरवला. तो आता आमच्या गच्चीवर वाळवणाखाली अंथरतात, फोटोची बाजू खाली. उज्वलाने तेवढे जपले.

या गडबडीत जुलैचे शिबिर आले. मी निश्चिंत होतो. चांगुणाबाई दोनदा येऊन गेल्या होत्या. दिपालीच्या मोबाइलवर मी सकाळ-संध्याकाळचे गजर लावून दिले होते. शिबिराच्या दिवशी दुपारी दिपालीचा फोन आला.

"एकशे अठ्ठ्याऐंशी, सर. परत पाठवलं."

"गोळ्या?"

"घेतल्या की. म्या स्वतः हातावर देते." मग जरा अडखळून ती म्हणाली, "तिथल्या सिस्टर म्हणत हुत्या, तुमचा मेडिकलवाला काही सांगत नाही का."

माणसाने चारशे चित्रे काढलेली असताना हे ऐकणे सोपे नसते. मी प्रमाणपत्र भिंतीवरून काढून खणात ठेवले.

आता ऑगस्टचे एकच शिबिर उरले होते. मी दिपालीला सगळ्या पट्ट्या घेऊन यायला सांगितले आणि काउंटरवर मोजायला बसलो. दोन महिन्यांत सकाळच्या सहा गोळ्या शिल्लक, संध्याकाळच्याही सहा. इथे काहीतरी होते. सहा दिवस. मी अंदाज बांधला की जेवल्यावर घ्या असे सांगितले आहे, म्हणजे उपासाच्या दिवशी जेवण नाही आणि गोळीही नाही. माझे निम्मे गिऱ्हाईक हेच करते. एकादशीला साबुदाणा किलोभर खातील, पण ते जेवण नव्हे.

"आजी, उपास किती करता?"

"आमच्यात कशाचे उपास, दादा. पुनवेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाते. त्यादिशी गोळी घेऊनच जाते, तिथं लई येळ बसावं लागतंय."

माझा अंदाज गेला. दिपाली म्हणाली, "आत्या कधीमधी म्हणतात, ठेव तिथं, घेते म्या. मला सकाळी शाळेत खिचडी शिजवायला जायचं असतंय, सांजच्याला सैपाक. पर मागनं बघितलं तर ठेवलेली गोळी गेलेली असती."

"गेलेली असते की परत पाकिटात गेलेली असते?" मी विचारले.

ती आत्याकडे बघायला लागली. आत्या ओआरएसच्या खोक्याकडे.

मी पुन्हा प्रश्न विचारले. उघडे, बंद, अर्धवट. चांगुणाबाई पहिल्यासारख्याच "हाव" म्हणत राहिल्या. तेवढ्यात गिऱ्हाईक आले म्हणून मी आत वळलो. कात्रीने पट्टी कापता कापता मला मागचे बोलणे ऐकू येत होते. चंद्रप्पा कंटाळून गप्पा मारत होते.

"बाई, मोंढ्यात माल आणायचीस का तू?"

"आणायचे की. तूर, हायब्रीड, सोयाबीन. मालक होते तवर."

"मग तुझा माल मी बघितला असणार. नमुना कसा द्यायचीस, पोत्याच्या वरचा का खालचा?"

"खालचा. मालक म्हणायचे, वर निवडलेली टाक, भाव येतो. म्या म्हणायचे, न्हाई. जसा माल हाय तसा दाखवायचा. वर एक आन खाली एक, असलं मला जमत न्हाई."

"हौद. असे लोक कमी."

"तेच तर म्हणते. आता हे बीपीचंच घ्या. डाक्टरकडं जायचं तर म्या तीन दिस आधी गोळ्या बंद करते. गोळी खाऊन गेलं की रोग दडून बसतो. मंग डाक्टरला दिसावं काय? खरा रोग दाखवाय पाहिजे का न्हाई?"

कात्री माझ्या हातात उघडी राहिली. तीन दिवस जुलैच्या शिबिराआधी, तीन दिवस त्याआधी डॉक्टरला दाखवायला गेल्या तेव्हा. सहा.

"बरोबर आहे," चंद्रप्पा म्हणाले.

"काय बरोबर आहे?" मी काउंटरवरून वाकून विचारले.

"मी पण बंद करतो की," ते म्हणाले. "चार दिवस. आपण खोटं बीपी घेऊन जायचं आणि डॉक्टरनं खरी फी घ्यायची, असं कसं."

बारा वर्षांत चंद्रप्पांची गोळी दोनदा वाढली होती. उठताना चक्कर येते अशी त्यांची तक्रार होती आणि मी त्यांना कमी पाणी पिता म्हणून रागावत होतो. रांगेतल्या दोघांनी आम्हीही असेच करतो असे सांगितले, एकाने अभिमानाने. पुढच्या आठवड्यात मी एकतीस पेशंटना थेट हा एकच प्रश्न विचारला. तेरा जण तपासणीआधी गोळ्या बंद करून जात होते. माझ्याच दुकानातल्या गोळ्या, माझ्याच रेघा मारलेल्या पाकिटांतून. गावातला सगळा प्रामाणिकपणा डॉक्टरांच्या दारात असा उघडा पडत होता आणि डॉक्टर त्यावर डोस वाढवत होते.

चांगुणाबाईंना मी लगेच समजवायला गेलो. गोळी सुरू असतानाचे बीपी हेच डॉक्टरला हवे असते, वगैरे. पुन्हा नळी, पुन्हा दाब. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही पण वरचाच नमुना दाखव म्हणता."

त्यांच्या मनातून मी उतरलो होतो, ते दिसत होते.

चंद्रप्पांनी पेपर घडी घालून खाली ठेवला. हे ते सहसा करत नाहीत.

"बाई, ऐक. तुला रोग आहे, हे डॉक्टरनं कागदावर लिहून ठेवलंय. तो माल त्यानं आधीच बघितला. आता त्याला गोळीचा नमुना बघायचाय. गोळी कसाची आहे का नुसता खडू, हे त्याला कळायचं कसं? गोळी पोटात नसली तर तो काय पारखणार?"

चांगुणाबाईंनी तळहात पुढे धरून दाणे पसरल्यासारखा अंगठा फिरवला.

"गोळीचा नमुना व्हय," त्या म्हणाल्या. "मंग हे आधी सांगाय नको का. हे दादा दोन महिने मीठ-मीठ करून राहिले."

मी पट्टी पाकिटात घातली आणि पाकीट बंद केले. चंद्रप्पांनी पुन्हा पेपर उघडला. त्यांनीही त्या महिन्यात गोळ्या न सोडता तपासणी केली आणि डॉक्टरांनी त्यांचा डोस एक पायरी खाली आणला. चक्कर थांबली. याचे श्रेय त्यांनी स्वतःला दिले.

शिबिराला 'उपाशी पोटी या' असे कळवले होते. उपाशी म्हणजे गोळीही नको, असे कुणीही समजेल. म्हणून मी शिबिराच्या डॉक्टरांना फोन करून विचारले. त्यांनी सांगितले, बीपीची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. मी ते दिपालीला दोनदा सांगितले, आणि तिच्याकडून एकदा म्हणून घेतले.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी दुकान बंद ठेवून शिबिराला गेलो. चंद्रप्पा न बोलावता आले. दीडशे माणसे रांगेत. चांगुणाबाईंनी गावातून जीपने येताना अर्धा रस्ता उभ्याने काढला होता आणि मग जिना चढल्या होत्या. सिस्टरने पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला. एकशे बासष्ट.

"डॉक्टर एकशे पन्नासच्या वर घेत नाहीत, आजी," ती म्हणाली, आणि कागद बाजूला ठेवायला लागली.

दिपालीने पदराचे टोक घट्ट धरले. मी सिस्टरला म्हणालो की जिना चढून आल्या आहेत, वीस मिनिटे बसवून पुन्हा मोजा, असेच मोजायचे असते. तिने माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही कोण?"

"यांचा मेडिकलवाला," मी म्हणालो.

वीस मिनिटे आम्ही एका बाकावर बसलो. मला काहीच सुचत नव्हते. सुचले असते तरी ते मिठाविषयीच असते. चंद्रप्पांनी तुरीचा विषय काढला. कुठल्या साली किती ओल होती, कुठल्या अडत्याने वजनात काय केले. चांगुणाबाई एकदा हसल्याही. दिपालीने त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन ठेवला होता. मी घड्याळ बघत होतो. माझे स्वतःचे बीपी तेव्हा कुणी मोजले नाही, हे बरे झाले.

एकशे चव्वेचाळीस.

सिस्टरने कागदावर शिक्का मारला. चांगुणाबाई उठून आत जाताना चंद्रप्पांना म्हणाल्या, "गोळी चांगली निघाली, अण्णा."

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या दुकानात आल्या. काळा चष्मा, नवे लुगडे. दिपाली पलीकडे भाजी घेत होती. चांगुणाबाईंनी चष्मा वर करून आधी माझ्याकडे पाहिले. मग पाकिटाकडे.

"दादा, ही भाकर आन इळा कशाला काढलाय?"

"सूर्य आणि चंद्र आहेत ते."

"असतील," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मागे वळून दिपाली कुठवर आहे ते बघितले. रस्त्यापलीकडचे माणूस त्यांना दिसत होते. मला ते एवढे नवे वाटले की मी क्षणभर ऐकायचे विसरलो. "घर निळं हाय म्हणली हुती. चांगलं पिवळंधम्मक हाय. म्या काय बोलले न्हाई. निळं झक्कास दिसतंय म्हणले. लई पळाली पोरगी माझ्या डोळ्यापायी. तिला सांगू नका, म्या वळखलं म्हणून."

मी शब्द दिला. त्यांची पाठ वळली आणि दिपाली आली, चेहरा उतरलेला.

"सर, आत्याचा डोळा नीट झाला न्हाई का? अजून निळंच म्हणून राहिल्यात. पिवळं भिताड समोर हाय आन म्हणतात, निळं झक्कास. रंग कळत नसतील का त्यांना? परत दाखवू का डाक्टरला?"

माझ्याकडे दोन गुपिते होती आणि दोन्ही एकाच भिंतीची होती. कार्यशाळेतल्या मॅडमना फोन करावा असे फार वाटले.

"डोळा चांगला आहे," मी शेवटी म्हणालो. "एवढंच मला सांगता येईल."

"मग?"

"मग रंग बदल की," चंद्रप्पा पेपरमागून म्हणाले. "पिवळा तसाही टिकत नाही."

दसऱ्याच्या आधी, धम्मचक्र दिनासाठी म्हणून, दिपालीने घर निळे करून घेतले. भीमा, म्हणजे तिचा नवरा, पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आला आणि त्याने स्वतः ब्रश मारला. महिन्याच्या गोळ्या न्यायला दोघी आल्या, तेव्हा दिपालीचा चेहरा उजळलेला होता. ती सोमेशकडे आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेली. चांगुणाबाई दुसऱ्या खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे वाकल्या.

"आता हिला कसं सांगू, दादा. पिवळा मला लई आवडाय लागला हुता. सकाळी उठून बघितलं की बरं वाटायचं."

मी पट्टी मोजली, कापली, भाकर आणि इळा असलेल्या दोन पाकिटांत घातली. तपासणीच्या दिवशीही गोळी घ्यायची, एवढे तेवढे सांगितले.

"ते माहीत हाय," त्या म्हणाल्या. "गोळीचा नमुना."

दिपाली झेरॉक्स घेऊन परत आली. आत्या पायऱ्या उतरत होत्या, कुणाचा हात न धरता.

"आत्या काय म्हणत हुत्या, सर?"

"गोळ्या वेळेवर चालू आहेत म्हणाल्या."

तिने चंद्रप्पांकडे पाहिले.

"हौद," चंद्रप्पा म्हणाले, आणि पान उलटले.